केळीची पानं निळी झाली: उन्हात रंग उडालेल्या एका बोर्डाचं प्रकरण

जळगावला माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे आणि हे प्रकरण माझ्याच मशीनवर छापलेल्या बोर्डांचं आहे. सगळं सविस्तर लिहितोय, कारण बोर्ड फिका पडला की गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही फ्लेक्स हलका वापरला, प्रिंटिंगवाला म्हणतो आपल्याकडचं ऊनच तसं आहे, आणि पुढच्या वेळी दोघं मिळून जाड फ्लेक्स घेतात, पैसे दुप्पट जातात आणि रंग तेवढ्याच दिवसांत उडतो. मी पण हेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

नोव्हेंबर 2023 ची गोष्ट. मराठी पाट्यांचा विषय तेव्हा जोरात होता. दुकानाची पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको हा नियम राज्यात 2022 लाच आला होता, पण सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती बातमी सगळीकडे फिरली, मग आमच्याकडेही ज्याला त्याला दिवाळीच्या आसपास पाटी बदलून हवी होती. त्याच गर्दीत रावेर तालुक्यातून आप्पा आले. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, खतं बियाणं औषधं, आणि गिऱ्हाईक सगळं केळीवालं. त्यांना तीन बोर्ड हवे होते. दुकानाच्या माथ्यावर 20 बाय 4 फुटांचा, रोडकडे तोंड म्हणजे दक्षिणेला. बाजूच्या मोकळ्या भिंतीवर 10 बाय 6 चा, तो पश्चिमेला, फैजपूरकडून येणाऱ्याला लांबून दिसावा म्हणून. आणि आत ओट्यावर, पत्र्याच्या शेडखाली 6 बाय 4 चा एक, त्यावर भाव आणि सूचना. डिझाइन आप्पांनीच सांगितलं, लाल अक्षरात नाव, भगवी बॉर्डर, एका बाजूला केळीचा पिवळाधमक घड आणि मागे हिरवी पानं. तिन्ही बोर्ड एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच रोलमधून, एकाच शाईने छापले. तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, पण पुढे सगळा उलगडा या एका गोष्टीमुळेच झाला.

मे 2024 च्या शेवटी आप्पांचा फोन. खरिपाची गर्दी सुरू व्हायची होती. म्हणाले, "भाऊ, येऊन बघ एकदा, माझी केळी आजारी पडली." गेलो. पश्चिमेचा बोर्ड बघून मला वाईट वाटलं. पिवळा घड पांढरट झालेला, लाल अक्षरं धुतलेल्या गुलालासारखी, भगवी बॉर्डर जवळपास नाहीशी, आणि पानं चक्क निळी. माथ्यावरच्या बोर्डाचा रंग पण उतरला होता पण एवढा नाही. आणि ओट्यावरचा, जो त्याच रोलमधला होता, तो काल लावल्यासारखा.

पानं निळी का झाली हे आधी सांगतो, कारण निवडणुकीनंतर राहिलेल्या बॅनरवरचे निळसर चेहरे सगळ्यांनी बघितलेत, पण कारण फारसं कोणी सांगत नाही. आपलं मशीन चार रंगांवर चालतं, सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेन्टा म्हणजे राणी, पिवळा आणि काळा. हिरवा असा रंग मशीनमध्ये नसतोच, आकाशी आणि पिवळा मिळून हिरवा दिसतो. लाल म्हणजे राणी अधिक पिवळा. भगवा म्हणजे भरपूर पिवळा आणि थोडा राणी. माणसाच्या चेहऱ्याचा रंग पण पिवळा-राणीच, त्यात निळा अगदी थेंबभर. आता या चौघांत उन्हाला टिकण्याची ताकद सारखी नाही. काळा म्हणजे काजळी, शुद्ध कार्बन, उन्हाला तो दाद देत नाही. आकाशी रंगद्रव्याच्या रेणूत मधोमध तांबं बसलेलं असतं आणि तो रेणू फार घट्ट असतो, वर्षानुवर्षं टिकतो. पिवळा आणि राणी मात्र कच्चे, त्यातही स्वस्त शाईतले फारच कच्चे. उन्हातले अतिनील किरण त्या रेणूंचे बंध तोडतात आणि बंध तुटला की रंग संपला, धूळ बसल्यासारखं नाही की पुसून परत येईल. मग हिरव्यातला पिवळा गेला की खाली आकाशी उरतो, पान निळं होतं. लालमधला पिवळा गेला की गुलाबी उरतो आणि मग तोही जातो. पिवळ्या घडाखाली तर काहीच नव्हतं, म्हणून पांढरा पडला. आप्पांनी निवडलेले चारही रंग, लाल, भगवा, पिवळा, हिरवा, नेमके पिवळ्याच्या जोरावर उभे होते.

त्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पश्चिमेच्या बोर्डाची कडेची ॲल्युमिनियम पट्टी काढली. पट्टीखाली इंचभर रुंदीची भगवी बॉर्डर होती, तशीच्या तशी, नोव्हेंबरमध्ये मशीनमधून निघाली होती तेवढी भडक, आणि तिच्या लगेच पुढे, सुतासारख्या सरळ रेषेनंतर, दुधाच्या सायीसारखा फिकट. एकाच शाईचा एकाच फटकाऱ्यातला रंग. वर कोपऱ्यात हॅलोजनला पत्र्याचं टोपण होतं, त्याच्या सावलीचा तिरका तुकडा पण बोर्डावर उमटला होता, त्या तुकड्यात केळीचं एक पान अर्धं हिरवं आणि अर्धं निळं. पाऊस अजून यायचा होता, धूळ सगळीकडे सारखीच होती, गरम हवा ओट्यावरच्या बोर्डालाही लागत होती. फरक फक्त थेट उन्हाचा. आप्पांना ती रेषा दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोट फिरवून बघत राहिले.

एवढं डोळ्यांनी दिसूनही मी चूक केली. आप्पा जुने गिऱ्हाईक, आमच्या वडिलांपासूनचे, त्यांना नाराज करायचं नव्हतं, म्हणून पश्चिमेचा बोर्ड फुकट छापून दिला आणि यावेळी 440 जीएसएमचा स्टार फ्लेक्स, म्हणजे जाड, घातला. आधीचा साधा पातळ होता. माझ्या डोक्यात हेच की भारी माल, जास्त टिकेल. शाई तीच होती, कॅनमध्ये सुटी मिळणारी सॉल्व्हंट इंक, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावणात रंग कालवलेली शाई, स्वस्त पडते म्हणून घ्यायचो. डिसेंबरपर्यंत तोही बोर्ड उतरला. फ्लेक्सला काही झालं नव्हतं, एक सुरकुती नाही, फाटणं नाही, कापड एकदम कडक, पण त्यावर परत निळी पानं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर फ्लेक्सचं वजन किती ग्रॅम, बस. मधे पॉलिस्टरची जाळी आणि दोन्हीकडून पीव्हीसीचा थर, तो जाड असला तर वाऱ्यात फाटत नाही, रिंगा उपटत नाहीत, मागचा उजेड आरपार दिसत नाही. याला किंमत आहेच, मोठ्या होर्डिंगला जाडच हवा. पण रंग त्या जाडीत नसतो, तो वर शाईचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो त्यात असतो, आणि ऊन पडतं ते त्या थरावर. खाली गोणपाट असो की स्टार फ्लेक्स, त्याला काय फरक पडणार.

मग जानेवारी 2025 मध्ये मी माझ्या दुकानाच्या मागच्या पश्चिम भिंतीवर सहा पट्ट्या लावल्या, प्रत्येक दोन फूट लांब. सगळ्यांवर एकच नमुना छापला, चार मूळ रंग, लाल, हिरवा, भगवा, चेहऱ्याचा रंग, आणि प्रत्येक रंगाची एक फिकी छटा. अर्ध्या भागावर पत्र्याची पट्टी स्क्रूने घट्ट बसवली म्हणजे खालचा रंग तुलनेला राहील. पहिली पट्टी पातळ फ्लेक्स, सुटी शाई. दुसरी 440 चा स्टार फ्लेक्स, तीच सुटी शाई. तिसरी पातळ फ्लेक्स पण चांगल्या कंपनीची शाई. चौथी पहिलीसारखीच पण वरून रोलरने क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारलेला. पाचवी आणि सहावी चिकट विनाइलवर, म्हणजे मागे गम असलेल्या प्लास्टिक फिल्मवर, इको सॉल्व्हंट म्हणजे सौम्य सॉल्व्हंटच्या शाईने छापलेली, बाहेरून छापून आणली, पाचवी उघडी आणि सहावीवर यूव्हीवालं, म्हणजे अतिनील किरण अडवणारं, पारदर्शक लॅमिनेशन. दर महिन्याच्या एक तारखेला पत्रे काढायचे, मोबाइलवर फोटो काढायचा, परत बसवायचे.

मेच्या शेवटी सगळे पत्रे काढले तेव्हा पहिली आणि दुसरी पट्टी शेजारी शेजारी धरली, आमच्या ऑपरेटरला विचारलं जाड कोणती सांग, हात न लावता, तर त्याला सांगता येईना. दोन्ही सारख्याच उडालेल्या. पातळ आणि जाड यात एका महिन्याचाही फरक मला दिसला नाही. तिसऱ्या पट्टीने मात्र आश्चर्य वाटलं, फ्लेक्स सगळ्यात हलका पण शाई चांगली म्हणून लाल अजून लाल होता, भगवा थोडा उतरलेला. चौथी मधलीच, क्लिअर कोटने वेग कमी केला पण रोलरचे पट्टे दिसायला लागले होते आणि एका ठिकाणी फोड आले, कारण मी घाईत छापल्याच्या दिवशीच कोट मारला होता. सॉल्व्हंट शाई वरून कोरडी वाटते पण आतला सॉल्व्हंट उडायला एक-दोन दिवस लागतात, रोल सैल सोडून ठेवायला लागतो, त्याआधी वर काही चढवलं की तो आत कोंडतो. पाचवी बरी होती. सहावी सगळ्यात सरस, पत्र्याखालचा आणि बाहेरचा भाग यातला फरक शोधायला डोळे बारीक करायला लागत होते. आणि सगळ्या पट्ट्यांत एक गोष्ट सारखी, फिक्या छटा आधी गेल्या. साहजिक आहे, फिक्या छटेत शाईचे ठिपके विरळ असतात, जाण्यासारखं मुळात थोडंच असतं.

लॅमिनेशनबद्दल दोन गोष्टी. ते अतिनील किरण अडवतं, सगळा उजेड नाही, आणि रंग थोडाफार साध्या उजेडानेही उडतो, शिवाय त्यातलं किरण शोषणारं द्रव्य स्वतःही वर्षांगणिक खर्ची पडतं. त्यामुळे आयुष्य वाढतं, कायमचं काही होत नाही. दुसरं म्हणजे ते विनाइलवर नीट बसतं, फ्लेक्सवर मी करून बघितलं तर महिनाभरात कडा सुटल्या. फ्लेक्स गरमीत ताणतो आणि थंडीत आवळतो, आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू वर येऊन गम सैल करतं. फ्लेक्सवर करायचंच असेल तर पातळ क्लिअर कोट, तोही स्प्रे गनने, छपाई पूर्ण वाळल्यावर.

आता दिशेचं. आप्पांचा आणि माझा दोघांचाही समज होता की मे महिना सगळ्यात वाईट. पश्चिमेच्या भिंतीसाठी ते खरंय, दुपारी दोननंतर ऊन सरळ बोर्डाच्या तोंडावर येतं आणि मावळेपर्यंत हटत नाही. पण दक्षिणेच्या उभ्या बोर्डाचं उलटं आहे. रावेर साधारण 21 अंश उत्तरेला. मे-जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, म्हणजे दक्षिणेच्या उभ्या भिंतीला तो घासून जातो नाहीतर लागतच नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारी तो दक्षिणेला 45 अंशांवरच असतो आणि दिवसभर बोर्डाच्या समोर. म्हणजे ज्या गुलाबी थंडीत आपण उन्हाला बसतो तेव्हाच दक्षिणेच्या बोर्डावर सगळ्यात सरळ ऊन पडतं. बोर्ड पुढे झुकवून लावला तर बरं, आभाळाकडे तोंड करून तिरपा लावला तर फार वाईट, उभ्या बोर्डापेक्षा कितीतरी लवकर जातो. कंपन्यांच्या कागदावर टिकण्याची जी वर्षं छापलेली असतात ती बहुतेक वेळा उभा बोर्ड आणि थंड देशाचं हवामान धरून असतात, खान्देशात ती तशीच्या तशी धरू नका.

आप्पा म्हणाले, मग वर पत्र्याचा छज्जा काढू. मी वहीवर काढून दाखवलं. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा मे महिन्यात दुपारी पूर्ण चार फुटी बोर्ड झाकेल, डिसेंबरात 45 अंशांवरून ऊन येईल तेव्हा वरचे दोन फूट झाकेल, खालचे दोन उघडे. म्हणजे अर्धा का होईना फायदा आहे, आणि नाव वरच्या दोन फुटांत घेतलं तर चांगलाच आहे. पश्चिमेला छज्जा म्हणजे पैसे पाण्यात, संध्याकाळचं ऊन आडवं येतं, खालून सरळ आत शिरतं.

शेवटी जून 2025 मध्ये जे केलं ते असं. माथ्यावरच्या 20 बाय 4 ला फ्लेक्स काढूनच टाकला. एसीपी शीट, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली शीट, लावली आणि त्यावर अक्षरं कटिंग विनाइलची, म्हणजे रंगीत चिकट फिल्ममधून कापलेली. यात छपाई नाहीच, रंग फिल्मच्या अंगातच मुरवलेला असतो, वरच्या पातळ थरापुरता नसतो, म्हणून तो छापील रंगापेक्षा खूप जास्त टिकतो. विनाइल घेताना पॉलिमेरिक, म्हणजे कमी आवळणारं, घेतलं, साधं मोनोमेरिक स्वस्त असतं पण आवळतं आणि अक्षराच्या कडेला गमाची काळी रेघ दिसायला लागते. फ्रेम, शीट, अक्षरं, फिटिंग धरून आप्पांना 230 रुपये फुटाने 18,400 रुपये पडले, वर छज्जाचे वेगळे. आप्पा आधी बिचकले. खरं सांगायचं तर माझ्याकडे 12 रुपये फुटाचा फ्लेक्स पण होता आणि तो दरवर्षी बदलला तरी हिशेबाने बरीच वर्षं स्वस्तच पडतो, हे मी त्यांना लपवलं नाही. पण त्यांचं म्हणणं असं पडलं की दुकानाच्या नावाची पाटी दरवर्षी आजारी दिसणं हे त्यांना नकोय, लोक मालावर शंका घेतात, औषधाची एक्सपायरी बघतात. बियाणं-औषधाच्या धंद्यात ही गोष्ट मला पटली.

केळीचा घड त्यांना नावाशेजारीच हवा होता, त्यावर ते अडून बसले. फोटो छापला असता तर परत तीच गत, म्हणून आमच्या डिझाइनरने घडाचं चित्र सपाट आकारात काढलं, पिवळ्या फिल्ममधून केळी कापली, हिरव्या फिल्ममधून दोन पानं आणि काळ्याने रेघा. जुन्या पेंटरच्या पाटीसारखं दिसतं ते. मला स्वतःला फोटोपेक्षा तेच जास्त आवडलं, आणि रोडवरून लांबून ओळखूही लवकर येतं.

पश्चिमेच्या भिंतीला फ्लेक्सच ठेवला, पातळ, पण चांगल्या शाईने आणि जास्त पासमध्ये, म्हणजे मशीनचं हेड त्याच जागेवरून जास्त वेळा फिरवून, छापलेला म्हणजे शाईचा थर भरदार बसतो. डिझाइन पूर्ण बदललं. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, गडद निळी पट्टी, फिकी छटा कुठेही नाही, मागे ढग-बिग नाही, चेहरा नाही. पिवळा आणि भगवा अजिबात नाही. काळा आणि निळा हेच शेवटपर्यंत टिकणारे दोन रंग, तर त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं. बियाणांच्या कंपन्यांच्या जाहिराती दर खरिपाला बदलतातच, त्यामुळे हा बोर्ड वर्षाने बदलायचा हे आधीच ठरवून टाकलं. कंपनीच्या भडक रंगाच्या जाहिराती सगळ्या ओट्यावर, शेडखाली.

धुण्याचं पण सांगितलं, कारण मधल्या काळात दुकानातल्या पोराने पश्चिमेचा बोर्ड थिनरने पुसला होता आणि एका अक्षराची शाईच कपड्यावर उतरली होती. साधं पाणी, थोडं शाम्पू किंवा सौम्य साबण, मऊ कपडा, सकाळी बोर्ड थंड असताना. थिनर, पेट्रोल, रॉकेल, घासणी, काही नको. त्याने उडालेला रंग परत येत नाही हेही त्याला सांगितलं, तो बिचारा रंग परत आणायलाच घासत होता.

माझ्या दुकानात दोन बदल झाले. सुटी शाई बंद केली, फुटामागे थोडे पैसे वाढले, काही गिऱ्हाईकं तुटली. आणि ऑर्डर घेताना आता विचारतो, बोर्ड कुठल्या दिशेला आणि किती दिवस ठेवायचा. लग्नाचा, वाढदिवसाचा बॅनर असेल तर कुठलीही शाई चालते, आठ दिवसांत काय उडणार आहे. वर्षभर राहणारा असेल तर तुम्ही तुमच्या प्रिंटिंगवाल्याला जीएसएमच्या आधी शाई कोणती आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर त्याच्याकडून हातभर पट्टी छापून घ्या, अर्धी पत्र्याने झाका आणि तुमच्याच भिंतीवर दोन महिने ठेवा, लाल आणि फिका भगवा त्यात हवाच.

दिवाळीनंतर रावेरकडे एका कामाला गेलो तेव्हा आप्पांच्या दुकानी थांबलो. पश्चिमेच्या बोर्डाची पट्टी परत काढून बघितली, काळा आणि निळा पट्टीखाली जसा तसाच बाहेर. खाली मोबाइल नंबर मात्र आप्पांनी आग्रहाने लालमध्ये घ्यायला लावला होता, तो किंचित उतरलाय, पट्टीजवळच्या आकड्यावर रेषा दिसायला लागली आहे. पुढच्या मेमध्ये बोर्ड बदलताना नंबर काळा करायचा, फाइलमध्ये तेवढं आजच बदलून ठेवलंय.